आधी कान, मग नाव

मुलांनो, मागच्या दिवाळीत मी बहिणीकडे माढ्याला गेलो होतो. संध्याकाळची वेळ. अंगणात आबा, म्हणजे माझ्या भाच्याचे आजोबा, बाजेवर बसून प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी ऐकत होते. प्रल्हाद शिंदे सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याचे. २००४ साली ते गेले, पण पंढरीच्या वाटेवर त्यांचा आवाज अजून ऐकू येतो. आठवीतला भाचा शेंगा फोडता फोडता सोबत गुणगुणत होता. शब्द न् शब्द पाठ!

तेवढ्यात पुण्याहून आलेला त्याचा आत्येभाऊ बाहेर आला. "काय ऐकतोयस रे?"

भाचा एकदम गप्प. "हे होय? हे आबांचं आहे. मी असलं नाही ऐकत." आणि त्यानं एका इंग्रजी बँडचं नाव ठोकून दिलं.

आत्येभावानं नाक मुरडलं. "तो? तो आता सगळेच ऐकतात! मी ऐकतो ना, त्या बँडचं नावसुद्धा तुम्हाला माहीत नसेल."

आबा काही बोलले नाहीत. हात लांब करून त्यांनी गाणं बंद केलं.

रात्री मी भाच्याला विचारलं, "त्या बँडचं कुठलं गाणं आवडतं रे तुला?" तो ओशाळला. "मामा, एकही ऐकलेलं नाही. वर्गातल्या एकाच्या टी-शर्टवर नाव बघितलंय!"

हसू आलं ना? हसा, पण जरा जपून. एकानं न ऐकलेलं गाणं आवडतं म्हणून सांगितलं. दुसऱ्याला एक बँड आवडेनासा झाला, का तर तो सगळ्यांना आवडायला लागला. चाल तीच, आवाज तोच. बदललं ते फक्त लोक काय म्हणतील ते.

ही गंमत अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासून पाहिली. त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी घेतली आणि ती १४ हजारांहून जास्त जणांना ऐकवली. त्यांत बरीचशी तुमच्यासारखी मुलंच होती. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडा त्यांना दाखवला. झालं काय? एका गटात जे गाणं डोक्यावर घेतलं गेलं, ते दुसऱ्या गटात मागे पडलं! फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही. पण मधल्या गाण्यांचं काय होईल, याचा नेम नव्हता. पहिल्या काही जणांनी जिकडं बोट दाखवलं, तिकडं बाकीचे गेले.

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? माढा तालुक्यातल्या मोडनिंबला लावणीची कला केंद्रं आहेत. घरंदाज माणसं त्यांचं नाव चारचौघांत घ्यायची नाहीत. मग १९९३ साली शेजारच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजला, लावणीची राज्यस्तरीय स्पर्धा सुरू झाली. मोठा मंच, परीक्षक, बक्षिसं. बायाबापड्यासुद्धा लावणी बघायला येऊन बसू लागल्या. लावणी तीच, ढोलकी तीच, गाणाऱ्या बायकाही त्याच. आधी लोकांना ती ऐकायची लाज वाटत होती, ती गेली. मग सांगा, इतकी वर्षं नाकं मुरडली ती गाण्याला, की गाणाऱ्यांना?

मित्रांना आवडतं म्हणून एखादं गाणं ऐकलं तर त्यात काही पाप नाही, बरं का. नवी गाणी आपल्याला दुसऱ्यांकडूनच कळतात. इंग्रजी बँडही जरूर ऐका, चांगले असतात. पण आपल्याला खरंच आवडणाऱ्या गाण्याला 'हे माझं नाही' म्हणू नका. ते ज्याच्याकडून आपल्याला मिळालं, त्याला ते लागतं.

आता एक खेळ. घरात सगळ्यांनी एकेक गाणं निवडायचं. गायक, भाषा, नवं-जुनं काही सांगायचं नाही. गाणं वाजवायचं आणि प्रत्येकानं चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहायचे. एकमेकांच्या चिठ्ठीत डोकवायचं नाही हं! नावं शेवटी फोडायची. आईबाबांनीही खेळायचं, त्यांच्याही आवडीनिवडी तपासून होतील.

आम्ही हा खेळ माढ्यात दुसऱ्याच दिवशी खेळलो. आत्येभावाच्या अनोळखी बँडला आबांनी आठ गुण दिले. "पोरगं जीव तोडून गातंय की," म्हणाले. आबांची पाळी आली तेव्हा मात्र ते म्हणाले, "माझं राहू द्या."

भाचा उठला. चिठ्ठी-बिठ्ठी बाजूला ठेवून म्हणाला, "आबा, कालचं लावा की. अर्धंच राहिलंय माझं."

तुमच्या घरी कुणाला किती गुण मिळाले? मला जरूर कळवा.

— तुमचा मामा