साप चावल्यावर पहिला तास कुणाचा?

साप कुणाला चावतो, हा प्रश्न वरवर पाहता खुळा वाटेल. साप काही गरीब-श्रीमंत पाहून चावत नाही, असे कुणीही म्हणेल. परंतु बंधू-भगिनींनो, आपल्या परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पावसाळ्यातली एक रात्र बसून पाहा. सोयाबीन खुरपणारी बाई, रात्रीची लाईट आली म्हणून मोटार सुरू करायला गेलेला सालगडी, पत्र्याच्या घरात भुईवर गोधडी टाकून झोपलेले लेकरू, हेच लोक तिथे आणलेले दिसतील. ऊसतोडीला गेलेली आपली माणसे तर सहा-सहा महिने पाचटाच्या कोपीत झोपतात. पलंग, फरशी, दाराजवळ दिवा आणि पायात बूट ज्याच्याकडे आहे, त्याच्या वाट्याला साप क्वचितच येतो.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२० साली मांडला. त्यात चौथ्या हिश्शाहून जास्त पंधरा वर्षांच्या आतली मुले होती. बहुतेक मृत्यू खेड्यांत, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जास्त. एवढी माणसे एखाद्या साथीने मेली असती तर केवढा गहजब झाला असता! जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले तेही २०१७ साली.

सेलू तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, "साप चावल्यावर वरच्या बाजूला घट्ट बांधावे, असे आम्ही शाळेत शिकलो. आता आशाताई सांगतात बांधू नका. खरे काय?"

ताई, आशाताईंचे खरे आहे. बांधू नये, कापू नये, चोखू नये. हे तिन्ही उपाय आपल्या पिढीला पुस्तकातूनच शिकवले गेले, म्हणून नुसते 'करू नका' म्हणून भागणार नाही, कारण सांगितले पाहिजे. घोणस आणि फुरसे यांचे विष मांस कुजवते. सुतळीने हातपाय आवळला की ते विष एका जागी कोंडते आणि रक्तपुरवठाही थांबतो. जीव वाचतो, पण पाय कापावा लागतो, अशी पाळी येते. शिवाय दवाखान्यात ती दोरी एकदम सोडली तर कोंडलेले विष एकदम अंगात जाते. तरी कुणी बांधून आणलेच असेल तर रस्त्यात सोडू नका, डॉक्टरांसमोरच सोडू द्या. ब्लेडने चिरण्याचेही तसेच. याच सापांच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. अशा माणसाला चीर दिली की ती वाहतच राहते. तोंडाने ओढून विष बाहेर येत नाही, हे तपासून सिद्ध झालेले आहे.

मग हे पुस्तकात आले कसे? इंग्रज सरकारच्या काळात भारतातल्या सर्पदंशावर मोठमोठ्या डॉक्टरांनी डोके खपवले होते. १९०४ साली ब्रंटन, फेअरर आणि रॉजर्स या तिघांनी चाव्याच्या जागी चीर देऊन पोटॅशियम परमँगनेट भरावे, असे प्रयोगांच्या आधारे सुचवले. त्यासाठी एका बाजूला पाते आणि दुसऱ्या बाजूला औषध अशी छोटी डबीच निघाली होती. पुढे लक्षात आले की त्याने जखम मात्र वाढते. तेव्हा वैद्यकाने तो उपाय टाकून दिला. मला यात कमीपणा वाटत नाही. चुकले ते तपासून टाकून देणे ही विज्ञानाची रीतच आहे. मांत्रिकाच्या मंत्रात शंभर वर्षांत एक अक्षर तरी बदलले का, हे ज्याने त्याने विचारून पाहावे.

आता करायचे काय? पहिले काम धीर देण्याचे. घाबरून पळाले की रक्त जोरात धावते आणि विष लवकर पसरते. ज्याला चावला त्याला जागच्या जागी निजवा, चालू देऊ नका. बाईच्या हातातल्या बांगड्या, अंगठी, पायातली जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज चढल्यावर ती काढता येत नाहीत आणि त्यांचाच फास बसतो. हाड मोडल्यावर बांधतो तसा हात किंवा पाय एखाद्या फळीला, बांबूच्या कामटीला, काही नसेल तर वर्तमानपत्राच्या जाड गुंडाळीला कापडाने सैलसर बांधा. बोट आत जाईल इतके सैल. ओकारी होत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. तूप, कडुलिंबाचा पाला, मिरची, दारू यांतले काहीही पोटात देऊ नका. साप मारण्याच्या मागे तर मुळीच लागू नका. त्या गडबडीत दुसऱ्याला चावा बसतो. लांबून मोबाईलमध्ये फोटो निघाला तर ठीक, नाहीतर राहू द्या. किती वाजता चावला तेवढे मात्र ध्यानात ठेवा.

१०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. फोन लावा, पण गाडी लांब आहे असे कळले तर वाट पाहत बसू नका. मोटारसायकल चालेल. एकाने चालवावी, मध्ये रोगी, मागे तिसऱ्याने त्याला धरून बसावे. गंगाखेड, जिंतूर, पालम भागातल्या तांड्या-वस्त्यांवरून निघताना, जिथे निघालो तिथे डॉक्टर आणि इंजेक्शन आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे. एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे, तिथून तिसरीकडे अशा पायपिटीत जो वेळ जातो तो मांत्रिकाकडे गेलेल्या वेळेइतकाच महाग पडतो. याची जबाबदारी मात्र रोग्यावर नाही, व्यवस्थेवर आहे, आणि गावाच्या ग्रामसभेत हा प्रश्न पावसाळ्याआधी विचारलाच पाहिजे.

मण्यारीबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांतली मण्यार रात्री हिंडते, घरात शिरते आणि भुईवर झोपलेल्याला अंथरुणात चावते. तिचे दात बारीक, चाव्याची खूण सहसा दिसत नाही, दुखतही नाही. मूल पहाटे उठते ते पोट दुखतेय म्हणून. आई ओवा देते. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, मूल डोळे उघडू शकत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज बसतो. लोकांना वाटते, बाहेरची बाधा झाली. आणि इथेच घात होतो! पावसाळ्यात भुईवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे मिटू लागल्या तर साप दिसला नसला तरी सर्पदंशच समजून दवाखाना गाठा. श्वास थांबू लागला तरी तोंडावर मास्क लावून हाताने दाबायच्या फुग्याने दवाखान्यात तो चालू ठेवता येतो, व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पोहोचेपर्यंत माणूस टिकतो. गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली साधी मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते. खाट नसेल तर एवढे तरी करावे.

औषध एकच आहे, प्रतिविष. आपण त्याला सापाचे इंजेक्शन म्हणतो. १८९० च्या दशकात फ्रेंच डॉक्टर काल्मेत यांनी ते प्रथम तयार केले. घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचत नेतात. घोड्याचे रक्त त्याच्याशी लढायला शिकते, आणि त्याच रक्तातून हे औषध निघते. मुंबईत परळला १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेली प्रयोगशाळा, जिला पुढे हाफकिन संस्था म्हणू लागले, तिच्या नावाने ते कैक वर्षे घरोघर माहीत झाले. त्यासाठीचे घोडे पिंपरीला ठेवलेले असत. एकच इंजेक्शन चारही सापांवर चालते, त्यामुळे कुठला साप होता याचा शोध घेण्यात वेळ घालवायचे कारण नाही.

प्रत्येक चाव्याला इंजेक्शन देतात असेही नाही. डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर घोणस-फुरशाचे विष चढले आहे हे नक्की. विषाची लक्षणे नसतील तर चोवीस तास नुसते नजरेखाली ठेवतात. नातेवाईक मग चिडतात, 'काही करीतच नाहीत' म्हणून रोग्याला उठवून घरी नेतात. तसे करू नये. ते पाहणे हाच उपचार असतो.

मांत्रिकाला यश का येते, हे यावरून समजेल. धामण, दिवड, मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या, असे बहुतेक साप बिनविषारीच असतात. विषारी साप चावला तरी कित्येकदा विष सोडतच नाही. अशी माणसे काही न करताही उठून बसणारच होती. श्रेय मात्र मंत्राला जाते, आणि त्या नावलौकिकावर पुढची मण्यार चावलेली पोर त्याच्या दारात नेऊन ठेवली जाते. महाराष्ट्राने याविरुद्ध कायदा केला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कलम आपल्या लोकांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

विंचवाची हकिकत सांगितल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होत नाही, कारण ती आपल्या मराठवाड्याच्या माणसाची आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यात गरिबीत वाढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे लाल विंचू चावून धडधाकट मुले एका रात्रीत मरत. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते, तेव्हा त्या सैल करणारी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी १९८६ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात ते जगापुढे मांडले. शंभरात तीस-चाळीस रोगी मरत होते, ते प्रमाण एक-दोनवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात बसून लागलेला हा शोध आज परदेशातले डॉक्टरही वापरतात.

आपण काय लक्षात ठेवायचे? मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण लहान लाल विंचू जास्त घातकी. चाव्याची जागा फारशी दुखत नाही आणि अंगाला घाम सुटून ओकारी होतेय, हे लेकराच्या बाबतीत धोक्याचे चिन्ह आहे. 'दुखत नाही म्हणजे उतरला' असे समजू नये. गोळी घरी आपल्या मनाने देऊ नये, तिने रक्तदाब एकदम उतरतो.

शेवटी कागदाचे बोलतो, कारण कारकुनी करीत असल्याने तेच जास्त पाहतो. सर्पदंशाने गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. विंचूदंशही त्यात धरला आहे. पण अट आहे सातबाऱ्याची. खातेदार आणि त्याच्या घरातला एक माणूस, एवढ्यांनाच लाभ. ज्याच्या शेतात साप निघाला त्याला योजना, आणि ज्या मजुराला तो चावला त्याला नाही! भूमिहीनाला ही योजना लागू करा, अशी मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी.

तोपर्यंत भूमिहीन घरासाठी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे. वय १८ ते ७०, बँकेत किंवा पोस्टात खाते, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. सर्पदंश झाला तर पोलिसांच्या कागदाऐवजी दवाखान्यातली लगेच झालेली नोंद पुरावा म्हणून धरतात. एका विधवा बाईचा अर्ज मी वाचला आहे. नवऱ्याला संध्याकाळी साप चावला, रात्रभर देवळात ठेवले, पहाटे तो गेला. दवाखान्याचा एकही कागद नाही. बाईजवळ पासबुक होते, त्यात वीस रुपये कापल्याची नोंदही होती, आणि तरी पुराव्याच्या रकान्यात लिहायला काही नव्हते.

हा विमा १ जून ते ३१ मे असा चालतो. मे महिन्याच्या शेवटी खात्यात वीस रुपये शिल्लक नसतील तर तो बंद पडतो. ऊसतोडीहून परतल्यावर पहिल्या आठवड्यातच घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे पासबुक भरून आणून पाहावे, आणि बायकांची खाती विसरू नयेत.