आरसा आणि रंगपेटी

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. रामनवमीस तेथे मोठी यात्रा भरते. काही वर्षांपूर्वी त्या यात्रेत एक वृद्ध याडी विक्रीच्या पिशवीवर आरसे बसवीत असलेली पाहिली. आरशाला भोक नसते. म्हणून प्रथम त्यावरून आडवेउभे दोरे ताणून चौकट बांधावयाची आणि मग त्या दोऱ्यांत सुई गुंतवीत कडेकडेने टाका फिरवीत न्यावयाचा. दोरा सैल राहिला की आरसा निखळतो. घाईला तेथे वावच नाही.

पुढे आमच्या वस्तीतील एका बंजारा भगिनीने मला ते काम शिकविले. पहिल्या आठवड्यात तीन आरसे निखळले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने सुई धरावी, याची सहकाऱ्यांनी यथेच्छ थट्टा केली. परंतु दोनेक महिन्यांनी, तांबड्या कापडावर पिवळा दोरा शोभेल की निळा या विचारात असताना, शाळेतील रंगपेटी आठवली. चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा उत्तीर्ण होताच ‘याचा पुढे उपयोग काय?’ या घरच्या प्रश्नाने ती माळ्यावर गेली होती. खाली काढली तेव्हा रंगांचे दगड झाले होते. नवे आणावे लागले.

छंद वेळेअभावी सुटतो, ही आपली आवडती सबब. माझ्या मते तो सुटतो तो त्याच्याकडून तत्काळ फळ मागितल्यामुळे. टाक्यापाशी ती मागणीच चालत नाही, आणि तीस वर्षांची सवय मोडते. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १९१४ साली कारागिरीच्या उपजत प्रेरणेवर ग्रंथच लिहिला; आम्ही वर्गात शिकवितो ते मात्र श्रम म्हणजे मजुरीसाठी सोसावयाचा त्रास, एवढेच.

अर्थात माझा जो विरंगुळा, तो त्या याडीचा प्रपंच. यात्रेत तिच्या पिशवीच्या किमतीवरून मीही घासाघीस केली होती. एका आरशास किती वेळ लागतो हे स्वतः अनुभवल्यावर मी त्या किमतीचा हिशेब पुन्हा मांडला. कापड-दोरा वजा जाता मजुरी म्हणून जे उरले, ते लाजिरवाणे होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीस बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. काचेआड फेटिया-कांचळी जपली जावी, हे योग्यच. पण जिल्ह्यातील महाविद्यालयांनी याडींना वर्गात बोलवावे, टाका शिकवावयास लावावे आणि व्याख्यात्यास देतो तसे तासाप्रमाणे मानधन द्यावे. पहिल्या तुकडीत नाव नोंदविण्यास मी तयार आहे. माझे आरसे अद्याप अधूनमधून निखळतात.