क्रिस्पचा पराभव आणि रेड रमची पाच वर्षे

आजचा थ्रेड एका घोड्याविषयी आहे. लढाईतल्या घोड्याविषयी नव्हे, शर्यतीतल्या. थ्रेड लांब आहे आणि त्यात माझे एक स्पष्ट मत आहे, ते आधीच सांगून टाकतो. ‘रेड रम’ या घोड्याची १९७३ सालची शर्यत जगभर पुन्हा पुन्हा पाहिली जाते आणि प्रत्येक वेळी हळहळ व्यक्त होते ती हरलेल्या घोड्याबद्दल. ही हळहळ मला मान्य आहे. तिच्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र मान्य नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आपण पाहतो ती सपाट मैदानावरची शर्यत. स्टीपलचेस ही तिची रांगडी चुलत बहीण. १७५२ साली आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडे पळवण्याची पैज लावली. वाटेत कुंपणे, ओढे, दगडी बांध. दिशा दाखवायला फक्त चर्चचा उंच मनोरा, म्हणजे ‘स्टीपल’. शर्यतीचे नाव त्यावरून पडले. पुढे हा खेळ आखलेल्या मैदानात आला, कुंपणांची जागा बांधलेल्या अडथळ्यांनी घेतली आणि १८३९ पासून लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथील शर्यत सर्वांत मोठी गणली जाऊ लागली. तीच ग्रँड नॅशनल. १९७० च्या दशकात ती सुमारे सव्वासात किलोमीटरची होती, उड्या ३०. बीचर्स ब्रुकसारख्या अडथळ्यापलीकडची जमीन अलीकडच्या जमिनीपेक्षा खोल असे, त्यामुळे हवेत झेपावलेल्या घोड्याला पायाखालची भूमी अपेक्षेपेक्षा उशिरा लागे. तिथेच भलेभले कोसळत.

रेड रमचा जन्म ३ मे १९६५ चा, आयर्लंडमधील किल्केनी परगण्यातला. आईचे नाव मॅरेड, बापाचे क्वोरम. दोन्ही नावांची इंग्रजी लिपीतली शेवटची तीन तीन अक्षरे जोडून ‘रेड रम’ झाले. (हेच नाव इंग्रजीत उलटे वाचले की ‘मर्डर’ होते. यावरून पुष्कळ विनोद झाले, आपण ते सोडून देऊ.) बाप कमी अंतराच्या शर्यतींत गाजलेला. म्हणजे सव्वासात किलोमीटर पळण्यासाठी या घोड्याची पैदास झालीच नव्हती. लिलावात तो ४०० गिनींना गेला आणि एप्रिल १९६७ मध्ये पहिल्यांदा धावला, तोही एन्ट्रीलाच. एक किलोमीटरची सपाट शर्यत, सामान्य दर्जाची. त्यात तो दुसऱ्या घोड्याबरोबर बरोबरीत पहिला आला. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी ग्रँड नॅशनलमध्ये एका अडथळ्यापाशी घोड्यांचा खच पडला आणि फार मागे असल्यामुळे त्यातून वाचलेला फॉइनाव्हन नावाचा घोडा जिंकला.

पुढची पाच वर्षे एका वाक्यात सांगता येतील: मालक बदलले, ट्रेनर बदलले, घोडा पळत राहिला. टॉमी स्टॅक हे नाव तेवढे लक्षात ठेवा. त्याने या घोड्यावर स्वारीही केली आणि काही काळ त्याला तयार करण्याची जबाबदारीही सांभाळली. तो आपल्याला पुन्हा भेटेल.

खरी कथा सुरू होते ऑगस्ट १९७२ मध्ये. साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावात डोनाल्ड मकेन, लोकांच्या तोंडी ‘जिंजर’ मकेन, हे गृहस्थ मोटारी विकत, टॅक्सी चालवत आणि शोरूमच्या मागच्या तबेल्यात काही घोडे बाळगत. त्यांच्या टॅक्सीतून नेहमी जाणाऱ्यांत नोएल ल मेअर हे ऐंशी ओलांडलेले धनिक होते. मरण्यापूर्वी एकदा ग्रँड नॅशनल जिंकावी, ही त्यांची आयुष्यभराची इच्छा. त्यांच्यासाठी मकेननी डॉनकॅस्टरच्या लिलावात ६,००० गिनी मोजून रेड रम घेतला. घरी आणून पहिल्यांदा बाहेर काढला, तर घोडा लंगडत होता.

खुरातल्या हाडाला सूज येण्याचा त्याला जुना विकार होता. शर्यतीच्या घोड्याला हा विकार म्हणजे बहुधा कारकिर्दीचा अंतच. मकेननी त्याला समुद्राच्या पाण्यात नेले. कोळंबी धरणाऱ्यांच्या गाड्या ओढणारी घोडी खाऱ्या पाण्यात उभी राहून पायांनी सुधारतात, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. घोडा पाण्यातून बाहेर आला आणि सरळ चालू लागला. यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही. गार पाण्याने सूज उतरते, हे घोडे बाळगणाऱ्यांना ठाऊक असते. आणि ओहोटीनंतरची ओलसर, नांगरून सैल केलेली वाळू कठीण माळरानापेक्षा खुराला कितीतरी सौम्य असते. बड्या ट्रेनरांकडे हिरवळीची कुरणे होती, या टॅक्सीवाल्याकडे समुद्रकिनारा होता. या विशिष्ट घोड्याला नेमकी त्याचीच गरज होती. योगायोग म्हणाल तर एवढाच.

आता ती शर्यत. ३१ मार्च १९७३. ३८ घोडे. क्रिस्प आणि रेड रम दोघांवर सारखाच भाव, ९ ला १. क्रिस्प ऑस्ट्रेलियातून आलेला, देखणा, धिप्पाड. चेल्टनहॅमला दोन मैलांच्या शर्यतीत अव्वल ठरलेला. ग्रँड नॅशनल ही ‘हँडिकॅप’ शर्यत आहे, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सर्वांना एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न. क्रिस्पवर १२ स्टोन, सुमारे ७६ किलो. रेड रमवर १० स्टोन ५ पौंड, सुमारे ६६ किलो. फरक २३ पौंडांचा.

क्रिस्प पहिल्या फेरीतच पुढे गेला आणि पुढेच जात राहिला. दुसऱ्या फेरीत त्याची आघाडी तीसेक लांबींची झाली. (‘लांबी’ म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी, शर्यतीचे हेच माप.) शेवटचा अडथळा त्याने ओलांडला तेव्हाही रेड रम बराच मागे होता. पण त्यानंतर साडेचारशे मीटरची मोकळी धाव असते. तिथे क्रिस्पचे पाय संपले. तो वाकडातिकडा होऊ लागला. जॉकी रिचर्ड पिटमन यांनी चाबूक उचलला आणि घोडा आणखीच रेषेबाहेर गेला. ही आपली चूक होती, असे पिटमन पुढे जाहीरपणे सांगत राहिले. ब्रायन फ्लेचरने रेड रमला शांतपणे आणले आणि अगदी शेवटच्या काही ढांगांत, पाऊण लांबीने, त्याने क्रिस्पला गाठून मागे टाकले.

वेळ ९ मिनिटे १.९ सेकंद. आधीचा विक्रम १९३४ मधील गोल्डन मिलरचा, ९ मिनिटे २०.४ सेकंदांचा. हा नवा विक्रम पुढे १९९० पर्यंत टिकला.

इथे लोकस्मृतीने आपला निकाल दिला: खरा विजेता क्रिस्प, रेड रम नशीबवान. या निकालाच्या बाजूने पुरावाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी डॉनकॅस्टरला समान वजन घेऊन दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि क्रिस्पने रेड रमला हरवले.

मग माझा आक्षेप कशाला? आक्षेप असा, की वजनाचा हा हिशेब फक्त एकाच शर्यतीत मांडला जातो. पुढच्या चार वर्षांत तो मांडून पाहा.

१९७४ : रेड रमवर १२ स्टोन. क्रिस्पच्या पाठीवर होते तेवढेच. तो सात लांबींनी जिंकला. इतके वजन वाहून जिंकलेला यापूर्वीचा घोडा १९३६ सालचा होता. दुसऱ्या क्रमांकावर लेस्कार्गो, चेल्टनहॅमचा गोल्ड कप दोनदा जिंकलेला. तीन आठवड्यांनी रेड रमने स्कॉटिश ग्रँड नॅशनलही जिंकली.

१९७५ : पुन्हा १२ स्टोन. या वेळी लेस्कार्गोवर ११ पौंड कमी. रेड रम दुसरा, पंधरा लांबींनी.

१९७६ : रॅग ट्रेड नावाच्या घोड्यावर रेड रमपेक्षा १२ पौंड कमी. रेड रम दुसरा, अवघ्या दोन लांबींनी.

म्हणजे सलग दोन वर्षे रेड रम क्रिस्पच्या जागी उभा होता. जास्त वजन वाहत होता, हलक्या घोड्याकडून हरत होता. १९७६ चा पराभव तर १९७३ चीच छोटी आवृत्ती म्हणावी असा. पण त्याबद्दल कुणी हळहळत नाही, कारण त्याचे चित्रण तेवढे नाट्यमय नाही. १९७३ मध्ये हँडिकॅपने रेड रमला दिले, हे खरे. पुढच्या तीन वर्षांत त्याने ते व्याजासह परतही केले. एका शर्यतीचा न्याय करताना जो नियम लावायचा, तो साऱ्या कारकिर्दीला लावायला नको काय?

फ्लेचरची गोष्ट मधेच सांगायला हवी. घोडा आता पूर्वीसारखा राहिला नाही, असे त्याने वार्ताहरांना सांगितले आणि मकेन संतापले. फ्लेचरची स्वारी गेली. त्याच्या जागी आला तो टॉमी स्टॅक.

२ एप्रिल १९७७. रेड रम बारा वर्षांचा, वजन ११ स्टोन ८ पौंड. आघाडीवरचा फेवरिट अँडी पँडी दुसऱ्या फेरीत बीचर्सला कोसळला आणि रेड रम पुढे आला. शेवटच्या टप्प्यात मोकळे सुटलेले, जॉकी गमावलेले घोडे त्याच्या आजूबाजूला धावत होते. त्याने कुणाकडे लक्ष दिले नाही. पंचवीस लांबींनी जिंकला. तीन वेळा ग्रँड नॅशनल जिंकणारा तो पहिला आणि आजवरचा एकमेव घोडा.

पाच शर्यती, १५० उड्या, एकदाही पडला नाही. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी कामगिरी हीच. वेगात त्याच्याहून सरस घोडे अनेक होते, क्रिस्प त्यांतला एक. पण उडीपूर्वी ढांगा मोजून आखडत्या घेणे, उतरताना पुढे पडलेल्या घोड्याला चुकवून बाजूला वळणे, खोल जमिनीचा अंदाज ठेवणे, हे त्याला एन्ट्रीवर जसे जमले तसे कुणालाच जमले नाही.

दुसरे एक मत सर्रास ऐकू येते: रेड रमने ग्रँड नॅशनल वाचवली. याबाबतीत मी जरा हात आखडता घेईन. एन्ट्रीच्या मालकीणबाई मिराबेल टोपम यांनी १९६४ मध्येच जागा विकण्याचे जाहीर केले होते. तेव्हापासून दरवर्षी ‘ही शेवटची’ अशी हूल उठे. नोव्हेंबर १९७३ मध्ये बिल डेव्हिस या बांधकाम व्यावसायिकाने ती ३० लाख पौंडांना घेतली. त्याने तिकिटांचे दर तिप्पट केल्यावर १९७५ ला प्रेक्षक रोडावले. म्हणजे रेड रम सलग दोनदा जिंकून तिसऱ्यांदा धावत होता, तेव्हाही स्टँड ओस होते! पुढे लॅडब्रोक्स या सट्टा कंपनीने काही वर्षे व्यवस्था चालवली आणि अखेर १९८३ मध्ये लोकवर्गणी व सीग्रॅम कंपनीच्या पैशांतून मैदान जॉकी क्लबकडे आले. करार, वर्गणी, वाटाघाटी यांनी मैदान वाचले. घोड्याने काय केले? ते वाचवावे असे लोकांना वाटायला लावले. हे थोडे नाही, पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. इतिहासात एका वीराच्या नावावर संस्थांचे श्रेय जमा करण्याची खोड आपल्याकडेही कमी नाही.

आणि एक नाव. १९७३ च्या त्याच शर्यतीत ‘द चेअर’ या अडथळ्यावर ग्रे सोम्ब्रेरो नावाचा घोडा पडला आणि मेला. तो त्या वेळी आघाडीच्या घोड्यांत होता. क्रिस्पसाठी डोळे पुसणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? १९८९ मध्ये बीचर्सला दोन घोडे मेले, तेव्हा तिथला खोलगटपणा कमी करण्यात आला. २०१२ मध्ये आणखी दोन मेल्यानंतर अडथळ्यांचे लाकडी गाभे काढून मऊ करण्यात आले. २०२४ पासून घोड्यांची संख्या ३४ वर आणली आहे. जुन्या रसिकांना हे बदल म्हणजे परंपरेवर घाव वाटतात. मला ते उशिरा आलेले वाटतात. रेड रमची थोरवी अडथळ्यांच्या क्रूरपणावर अवलंबून असल्यासारखे बोलणे हा त्याच्या कौशल्याचाच अवमान आहे.

१९७७ च्या अखेरीस बीबीसीच्या वार्षिक क्रीडा समारंभात घोड्याला चक्क स्टुडिओत आणले. टॉमी स्टॅक तेव्हा दुखापतीमुळे येऊ शकला नव्हता, दूरवरून पडद्यावर बोलत होता. त्याचा आवाज ऐकताच रेड रमने कान टवकारले. १९७८ च्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याच्या पायाच्या हाडाला बारीक भेग आढळली आणि त्याचे नाव मागे घेण्यात आले. त्यानंतर तो संचलनात पुढे चालायचा, दुकानांची उद्घाटने करायचा.

१८ ऑक्टोबर १९९५ रोजी, तिसाव्या वर्षी, तो गेला. एन्ट्रीवर विजयाच्या खांबाजवळ त्याला पुरले आहे. १९७३ साली क्रिस्पला त्याने जिथे गाठले, तिथून ती जागा काही ढांगांवर आहे.