येलदरीची भिंत
कोपनहेगन येथे शहराचा कचरा जाळून वीज व उष्णता निर्माण करणाऱ्या एका अजस्र कारखान्याच्या छपरालाच उतार देऊन, त्यावरून बर्फावाचूनही घसरत खाली यावे अशी योजना बियार्के इंगेल्स या स्थापत्यविशारदाने केली आणि 2019 साली ते छप्पर नागरिकांस खुले झाले, हे वाचल्यापासून माझे मन जिंतूर तालुक्यातील येलदरीकडे वारंवार धाव घेते. पूर्णा नदीवरील हे धरण 1968 साली पुरे झाले, त्याच्या पायथ्याशी जलविद्युतगृह आहे, आणि दरवाजे उघडल्याची वार्ता कानी येताच माणसे आमंत्रणाची वाट न पाहता मुलाबाळांसह तिकडे लोटतात. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी ज्ञानेश्वर उद्यान उभारले गेले, ते स्तुत्यच. परंतु धरणाशेजारी बाग मांडणे निराळे आणि यंत्रशाळेच्याच अंगाखांद्यावर लोकांना बागडू देणे निराळे. परभणीच्या वैशाखात बर्फाची नक्कल मागण्याइतका मी अरसिक नाही. सावलीची एक लांबरुंद ओसरी आणि फिरती जनित्रे निर्धोकपणे न्याहाळता येतील असा काचेचा सज्जा, एवढी तजवीज पाटबंधारे खात्याने केली तरी माझी तक्रार नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याचा नळ हवा. धरणावर आलेले पोर तहानेने व्याकूळ व्हावे, हा विनोद बरा नव्हे.