लाइट आल्यानंतरचे आठ तास

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय, आणि विचारणारे बहुतेक जण विशी-पंचविशीतले आहेत. घरातले फोटो-व्हिडिओ ठेवायला दोन डिस्कचा डबा घेतला. दोन्ही डिस्कवर सारखंच लिहिलं जातं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी आहे. मग लाइट जाऊन आली की हा डबा तासन्‌तास गुरगुरत का बसतो? ‘रिसिंक चालू’ असं दाखवतो, म्हणजे आतलं काही गेलं का?

थोडक्यात उत्तर असं, की बहुतेक वेळा काहीही गेलेलं नसतं. पण त्या तासांत तुमच्याकडे डिस्क दोन असल्या तरी भरवशाची प्रत एकच असते. हे घरात निदान एकाला तरी माहीत असायला हवं, आणि बहुतेक घरांत तो एक जण म्हणजे तुम्हीच. आई-बाबा डबा तुमच्या भरवशावर सोडून मोकळे झालेले असतात.

दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवायची युक्ती जुनी आहे. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र कशा वापरता येतील, हा त्याचा विषय. तिथूनच ‘रेड’ हा शब्द रूढ झाला. त्यातली पहिली पातळी म्हणजे आपली ही जोडी. एक डिस्क दुसरीचा आरसा, म्हणून मिररिंग. घरगुती डब्यांपैकी पुष्कळांत आत लिनक्सच असतं आणि ही जोडी तेच सांभाळतं, म्हणून मी लिनक्सच्या पद्धतीनेच सांगतो.

समजा, गणेशोत्सवाची वर्गणी दोन वह्यांत लिहायची ठरली. एक वही खजिनदारांकडे, दुसरी चिटणीसांकडे. नियम असा, की दोन्ही वह्यांत नोंद झाल्याशिवाय पावती फाडायची नाही. जोशीकाकांनी ५०१ रुपये पुढे केले, खजिनदारांनी लिहिले, चिटणीस लिहायला वाकले आणि लाइट गेली. आता एका वहीत नोंद आहे, दुसरीत नाही. पावती फाटलेली नाही, म्हणजे मंडळाने अजून काही कबूल केलेलं नाही. जोशीकाकांचे पैसे ‘जमा’ म्हटले तरी चालेल, ‘जमा नाहीत, पुन्हा द्या’ म्हटलं तरी चालेल. चालणार नाही ते एकच: सकाळी खजिनदारांची वही बघून ‘जमा’ म्हणायचं आणि संध्याकाळी चिटणीसांची वही बघून ‘नाहीत’ म्हणायचं.

डब्यातही हेच होतं. लिहिणं दोन्ही डिस्कवर एकाच वेळी पाठवलं जातं, पण दोन्हींवर ते एकाच क्षणी उमटत नाही. मध्येच वीज गेली, तर एकीवर नवं आणि दुसरीवर जुनं राहू शकतं. म्हणून पुन्हा सुरू झाल्यावर लिनक्स एक डिस्क मूळ धरतं आणि तिच्यावरचं दुसरीवर उतरवत जातं. हे रिसिंक. ज्या भागापर्यंत ते पोचलेलं नाही, तिथलं वाचायची वेळ आली तर पहिल्या डिस्कवरूनच वाचलं जातं. एरवी वाचनाचं काम दोघींत वाटलेलं असतं. रिसिंक संपेपर्यंत मात्र त्या भागापुरती चिटणीसांची वही कुणी उघडायची नाही, असा हा कायदा आहे. नवं काही लिहिलं तर ते दोन्हीकडे जातं.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. पहिलीच डिस्क ‘खरी’ आहे, असं लिनक्स म्हणत नाही. कोणती बरोबर हे त्याला कळत नाही, कारण दोन वह्यांत फरक पडला तर निवाडा करायला तिसरी वही नसते. ते फक्त एकीच्या बाजूने ठाम राहतं.

आता वेळेचं गणित. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइटने उतरवायची म्हटलं, तर साधारण साडेसात तास लागतात. त्याच वेळी घरात कुणी डब्यावरून सिनेमा बघत असेल, कुणी फोटो चढवत असेल, तर रिसिंक मागे सरतं. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये गर्दीच्या वेळी हा वेग सेकंदाला १ मेगाबाइटपर्यंत खाली येऊ शकतो. सतत त्याच वेगाने चाललं, तर ४ टेराबाइटला दीड महिना लागेल! यावर उपाय आहे. कुठल्या भागात लिहिणं चालू आहे, याच्या खुणा आधीच डिस्कवर करून ठेवायच्या. याला बिटमॅप म्हणतात. लिनक्समध्ये अशी एकेक खूण सहसा ६४ मेगाबाइट किंवा त्याहून मोठ्या भागासाठी असते. लाइट आल्यावर फक्त खूण असलेली पानं तपासायची, सगळी वही नाही. मग तासांचं काम मिनिटांवर येतं. तुमच्या डब्याच्या सेटिंगमध्ये ही सोय दिसली, तर चालू ठेवा.

या काळात बिघडू काय शकतं? तीन गोष्टी.

पहिली, रिसिंक अर्धवट असताना मूळ धरलेली डिस्कच बंद पडणं. वीज गेल्यावर फाइलव्यवस्था पहिल्या डिस्कवरचं वाचून ‘ही नोंद पूर्ण झालेली आहे’ असं ठरवते आणि पुढे त्या हिशोबाने चालते. नंतर ती डिस्क गेली आणि दुसरीवर ती नोंद पोचलेलीच नसेल, तर ‘जमा’ म्हटलेले पैसे गायब. हिशोबाच्या डेटाबेसमध्ये हे फार महागात पडतं. शिवाय रिसिंकमध्ये पूर्ण डिस्क वाचली जाते, आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या फोटोखालचा खराब भाग नेमका तेव्हाच सापडतो. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण १२.५ टेराबाइट वाचनामागे एक न वाचता येणारा भाग, अशी मर्यादा दिलेली असते. हे भाकीत नव्हे. पण ४ टेराबाइटच्या डिस्कची तीन वाचनं म्हणजे १२ टेराबाइट होतात, हे ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट डिस्कच्या स्वतःच्या स्मृतीची. डिस्क आधी मजकूर आपल्या छोट्या स्मृतीत घेते, ‘लिहिलं’ म्हणून कळवते आणि मग सावकाश पृष्ठभागावर उतरवते. महत्त्वाच्या क्षणी संगणक ‘आत्ता खरोखर उतरव’ असा हुकूम सोडतो. काही यूएसबी डबे तो हुकूम पुढे नीट पोचवत नाहीत. मग पावती फाटते, पण नोंद कुठल्याच वहीत नसते.

तिसरी गोष्ट घरांत सगळ्यात धोक्याची, कारण ती महिनोन्‌महिने कळत नाही. ती सांगायला एक खरा प्रसंग सांगतो.

माझ्या ओळखीचे एक काका लग्नाचे फोटो काढतात. त्यांच्या डब्यातली दुसरी डिस्क श्रावणात जोडीतून बाहेर पडली. डबा पीं-पीं करायला लागला. कामात व्यत्यय नको म्हणून कुणीतरी आवाज बंद केला. काम पहिल्या डिस्कवर व्यवस्थित चालू राहिलं, त्यामुळे सगळे विसरले. दिवाळीच्या आधी लाइट गेली. परत आली तेव्हा पहिली डिस्क उठायला वेळ लावत होती आणि दुसरी मात्र पटकन उठली. डबा त्या एकटीवरच सुरू झाला. पडद्यावर फोल्डर सगळे जागच्या जागी, पण श्रावणानंतरचं एकही लग्न नाही. घाबरलेल्या मदतनिसाने निदान नवं काम तरी सुरक्षित राहावं म्हणून त्या दिवशीचा साखरपुडा तिथेच उतरवला. थोड्या वेळाने पहिली डिस्क दिसू लागली आणि डब्याने विचारलं, जोडी दुरुस्त करू का?

काकांचा फोन आला तेव्हा बटण दाबायचंच बाकी होतं. मी म्हटलं, “काका, काही दाबू नका. डबा नीट बंद करा.”

“अरे, पण तो स्वतःच दुरुस्त करतो म्हणतोय ना?”

“त्याच्या दृष्टीने दुरुस्ती म्हणजे एक डिस्क दुसरीवर उतरवणं. उलटं झालं तर तीन महिन्यांची लग्नं जातील. सुलटं झालं तरी आजचा साखरपुडा जाईल.”

लिनक्स प्रत्येक डिस्कवर एक आकडा राखतं. जोडीत काही बदल झाला की तो वाढतो, आणि मोठा आकडा असलेली डिस्क ताजी समजली जाते. एक डिस्क फक्त मागे पडली असेल, तर हा आकडा पुरतो. पण दोघी वेगवेगळ्या वाटांनी चालून आल्या की आकडा मोठा असला म्हणून दुसरीवरचं नवं काम खोटं ठरत नाही. आम्ही दोन कोऱ्या डिस्क आणल्या, दोन्ही जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल घेतली आणि त्या नकलांवर तारखा लावून फाइली जुळवल्या. दोन रविवार गेले. एकही लग्न हरवलं नाही. काकूंनी दोन्ही रविवारी जेवायला घातलं, हा माझा फायदा!

‘मग बरोबर कोणतं, हे ओळखणारी पद्धत नाहीच का?’ असं तुम्ही विचाराल. आहे. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा ताळा लिहून ठेवायचा आणि वाचताना पडताळायचा. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुली केलेली झेडएफएस आणि २००९ मध्ये लिनक्समध्ये आलेली बीटीआरएफएस या फाइलव्यवस्था हेच करतात. ताळा जुळला नाही तर त्या दुसऱ्या डिस्कवरची प्रत बघतात, ती जुळली तर पहिलीवरची चूक दुरुस्त करतात. नवा डबा घेणार असाल तर ही सोय आहे का, ते आधी विचारा. जुन्या डब्यात निदान महिन्यातून एकदा दोन्ही डिस्क ताडून पाहण्याची सोय लावा. डेबियन लिनक्समध्ये हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी होण्याची पद्धत आहे. फक्त हे लक्षात ठेवा, की साध्या जोडीत फरक सापडला आणि ‘दुरुस्त कर’ म्हटलं, तर तिथेही एकीचं दुसरीवर उतरवलं जातं. निवाडा होत नाही.

आता करायचं काय, ते सांगतो.

लाइट आल्यावर आधी डब्याचं पान उघडा. दोन्ही डिस्क दिसतात का आणि रिसिंक किती टक्के झालं, हे पाहा. अलीकडचे फोटो आहेत का, तेही पाहा. नसतील तर थांबा, काही लिहू नका.

रिसिंक चालू असताना डिस्क काढू नका, खाचा बदलू नका, पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. त्या रात्री सिनेमा मोबाइलवर बघा. दुसरीकडे प्रतच नसेल, तर मात्र सगळ्यात मोलाचं तेवढं आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या.

इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला क्षणभर लागतो. पंख्याला ते कळत नाही, डब्याला कळतं. डब्याला तारेने ‘लाइट गेली’ असं कळवणारा छोटा यूपीएस घ्या, म्हणजे तो स्वतःहून नीट बंद होईल.

डिस्क जोडीतून बाहेर पडली तर तुम्हाला ईमेल येईल, अशी व्यवस्था करा. आणि पीं-पीं आवाज कारण कळेपर्यंत बंद करू नका.

शेवटचं, तिसरी प्रत. आरशात चुकून पुसलेलंही दोन्हीकडे पुसलं जातं. आजीच्या आवाजातल्या ओव्या, बाबांच्या मुंजीचे स्कॅन केलेले फोटो, मंडळाच्या जुन्या स्मरणिका हे सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ती पुण्याच्या मावशीकडे किंवा गावातल्याच आत्याकडे ठेवा आणि दर सणाला ताजी करा. अशी प्रत असली की रिसिंकचे आठ तास नुसते वाट बघण्याचे असतात.

या रविवारी आपल्या डब्याचं पान उघडून बघा आणि दोन्ही डिस्क जोडीत आहेत का, ते मला कळवा. एखादी बाहेर पडलेली दिसली, तर बटण दाबण्याआधी कळवा.