सहल सर्वांची



पावसाळा सरला की कुटुंबांना सहलीचे वेध लागतात. मडगावकरांसाठी आगगाडी व बोट या दोहोंचा आनंद देणारी, एका दिवसाची वाट हाताशीच आहे. करमळीस थांबणारी सकाळची गाडी धरावी. ती झुआरी नदीच्या पुलावरून जाते. करमळीहून जुने गोवे जवळच आहे. तेथील बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांपुढे प्रार्थना करावी. १६०५ साली या मंदिराचा अभिषेक झाला. मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जावे आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरावे. पिएदाद येथील टेकडीवरच्या चर्चच्या आवारातून नदीचे विस्तीर्ण पात्र दिसते.

मात्र बेत परतीच्या गाडीपासून उलट आखावा आणि तो तरुणांच्या पावलांनी मोजू नये. गेल्या वर्षी मीच हा हिशेब चुकलो. गाडी चुकेल या भीतीने सर्वांना घाई केली. एक आजीबाई टेकडीच्या पायथ्याशीच बसून राहिल्या. परतताना त्या हसून म्हणाल्या, “फादर, मी देऊळ खालूनच पाहिलं.” ते शब्द मला अजून बोचतात.

याकोबाने एसावाबरोबर वेगाने जाण्याचे नाकारले. लेकरांच्या व गुरांच्या चालीनेच तो चालला. यंदा आपणही तसेच करू. एक ठिकाण कमी पाहू. पण आजीबाईंना रिक्षाने टेकडीवर नेऊ.

तुमचा धर्मगुरू