खेळाचे कारखाने आणि माणसांचा हिशेब

'खेळच तो! बंद पडला तर बिघडले काय?' संगणकावरचे व मोबाईलवरचे खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांत गेली काही वर्षे जी नोकरकपात चालू आहे, तिच्याविषयी बोलताना आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतील भली, देवभीरू माणसेही हे वाक्य सहज उच्चारतात. या वाक्याचा आम्हांला प्रतिवाद करावयाचा आहे. ते उच्चारणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, हे आम्ही जाणतो. मुलांच्या हातून पुस्तक सुटले, जेवणाच्या ताटापर्यंत मोबाईल आला, संध्याकाळच्या रोझरीला मुले माना खाली घालून बसतात ती प्रार्थनेसाठी नव्हे, ही आईबापांची व्यथा खरी आहे. परंतु व्यथा खरी असली म्हणून तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. खेळ खेळणारा वेगळा आणि खेळ घडवणारा वेगळा. एकाच्या व्यसनाची शिक्षा दुसऱ्याच्या चुलीला देणे हा न्याय नव्हे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीने सारे जग घरात कोंडले गेले, तेव्हा या खेळांना अपूर्व मागणी आली. कर्ज स्वस्त होते. कंपन्यांनी भराभर माणसे भरली, लहान स्टुडिओ विकत घेतले. पुढे घरांची दारे उघडली, मागणी ओसरली, २०२२ पासून व्याजाचे दर चढले. आणि तेजीच्या भरात मालकांनी केलेल्या हिशेबांची वसुली नोकरांकडून सुरू झाली. स्वीडनमधील एम्ब्रेसर समूहाने असेच अनेक स्टुडिओ एकामागून एक पदरात पाडून घेतले होते. २०२३ साली दोन अब्ज डॉलरचा एक अपेक्षित करार फिसकटला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समूहातील व्होलिशन हा तीस वर्षांची परंपरा असलेला अमेरिकन स्टुडिओ बंद करण्यात आला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळविभागातील १,९०० माणसांना नारळ दिला. पुढच्याच महिन्यात सोनीने ९०० जणांना कमी केले व आपला लंडनचा स्टुडिओ मिटवला. खरेदीसाठी थैली मोकळी होती. पगाराची वेळ आली तेव्हा मात्र तिचे तोंड आवळले गेले.

कुणी म्हणेल, ज्यांचे काम निकृष्ट त्यांच्यावर ही वेळ आली असेल. तसेही नाही. टोकियोच्या टँगो गेमवर्क्स या स्टुडिओने जानेवारी २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' हा खेळ प्रसिद्ध केला. तो वाखाणला गेला. एप्रिल २०२४ मध्ये त्यातील ॲनिमेशनला ब्रिटनचा मानाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्याच्या दुसऱ्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करण्याची घोषणा केली. पुढे ऑगस्टमध्ये एका कोरियन कंपनीने त्याला हात दिला म्हणून ते नाव तगले. उत्तम काम करा, तुमची भाकरी सुरक्षित राहील, असे आपण मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या शिकवणीलाच येथे तडा गेला आहे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असेही कुणी समजू नये. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मालिकेतील एका गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती या दोन स्टुडिओंकडे दिल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा मराठी मुलखात असे काम होते याचा अनेकांना अभिमान वाटला. मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातील माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो खेळच रद्द केला. येथे प्रश्न श्रमाच्या मानाचा आहे. घडवणाऱ्यांची वर्षे एका बैठकीत निकालात निघतात आणि त्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नीतीचा. हे खेळ म्हणजे जुगार, ते बुडाले हे बरेच झाले, असे म्हटले जाते. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही एक गोष्ट. आणि कथा, चित्र, संगीत, बुद्धी यांच्या आधारे घडवलेला खेळ ही दुसरी. पहिल्या प्रकाराने कित्येक तरुणांना कर्जाच्या खाईत लोटले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, त्या बंदीचे आम्ही निःशंकपणे समर्थन करतो. परंतु त्यानंतर काय झाले तेही पाहावे. मोबाईल प्रीमियर लीग या कंपनीने भारतातील आपल्या सुमारे ६० टक्के कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे ठरवले. त्यांत हिशेबनीस होते, चित्रकार होते, गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या मुली होत्या. दारूचे दुकान बंद करणे हे पुण्य आहे. पण तेथे झाडू मारणारा उद्या काय खाईल हे न विचारणे पुण्य नव्हे. पापाची कमाई मालकाने साठवावी आणि पापाचे प्रायश्चित्त नोकराने घ्यावे, असा नियम कोणत्या धर्मशास्त्रात आहे?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. तोटा झाला की मालक दुकान आवरणारच, त्याला कोण अडवणार? तोट्यातला धंदा कायम चालवावा, असे आम्ही म्हणत नाही, ख्रिस्तसभेनेही तसे कधी म्हटलेले नाही. आमचे म्हणणे एवढेच, की तोट्याची वाटणी न्यायाने व्हावी. पंधराव्या परमगुरूंच्या काळाची गोष्ट दूर राहू द्या; अगदी अलीकडच्या सव्वाशे वर्षांचा वारसा पाहा. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा आणि संघटना बांधण्याचा कामगारांचा हक्क मांडला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झेरचेन्स'मध्ये श्रमाला भांडवलाच्या वर स्थान दिले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्या विश्वपत्राचा गाभा आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या परमगुरूंनी लिओ हेच नाव घेतले आणि त्याचे कारणही सांगितले: यंत्रबुद्धीच्या रूपाने आलेल्या नव्या औद्योगिक क्रांतीत माणसाच्या श्रमाचे व प्रतिष्ठेचे रक्षण करावयाचे आहे. चित्र काढणारे, आवाज देणारे, कथा लिहिणारे यांच्याच दाराशी ती क्रांती आज प्रथम येऊन उभी आहे.

कायदा आहे ना, असे कुणी विचारील. आहे, पण तो किती पुरतो ते समजून घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करावयाचे तर एक महिन्याची पूर्वसूचना, सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन आणि नवे कौशल्य शिकण्याच्या निधीतून आणखी पंधरा दिवसांचे वेतन, अशी तिच्यात तरतूद आहे. तथापि कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन तीनशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना आहे. खेळाचा स्टुडिओ त्यात बसत नाही. शिवाय व्यवस्थापनातील मोठे पद नुसते कागदावर दिले की माणूस 'कामगार' आहे की नाही यावरच वाद घालता येतो. आणि सर्वांत सोपी पळवाट म्हणजे राजीनामा. 'स्वखुशीने जातो' असे लिहून घेतले की ना सूचना, ना भरपाई. आमच्याच धर्मग्रामातील एका तरुणाकडून एका कंपनीने दुपारी चार वाजता असा कागद लिहून घेतला आणि पाच वाजता त्याचा संगणक बंद केला. पुढच्या नोकरीसाठी चांगला दाखला हवा, या भीतीने त्याने सही केली. यात स्वखुशी कोठे आहे, हे आम्हांस कुणी दाखवून द्यावे.

तिसरा आक्षेप मत्सराचा आहे, म्हणून तो हळू आवाजात केला जातो. 'गलेलठ्ठ पगार घेत होते, आता कळेल!' गलेलठ्ठ पगार थोड्यांना असतो. खेळातील चुका शोधत रात्री जागवणारे, परदेशी स्टुडिओंसाठी झाडे, दगड आणि भिंती रंगवून देणारे शेकडो हात कंत्राटावर राबतात. राजारामपुरीच्या मुख्य रस्त्याने चालत जा. संगणकाच्या, ॲनिमेशनच्या शिकवण्यांच्या पाट्या दिसतील. तेथील फीसाठी कुणाच्या आईने पाटल्या मोडल्या आहेत, कुणाच्या बापाने भविष्यनिर्वाह निधी काढला आहे. मुलगा पुण्याला लागला म्हणून पेढे वाटले गेले. तोच मुलगा आज परत येऊन घराच्या माडीवर बसतो, आणि रविवारी मिस्साला येण्याचे टाळतो. कारण चर्चच्या आवारात त्याला सतरा जण विचारतात, 'काय रे, सुट्टीवर का?' नोकरी गेल्याची लाज त्याला वाटते. ज्यांनी ती घालवली त्यांना वाटत नाही!

आणि आम्हा कोल्हापूरकरांना तरी हे दुःख परके वाटू नये. 'स्टुडिओ' हा शब्द या गावाला संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथलीच. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी येथे जन्मली आणि १९३३ साली पुण्याला गेली. तेव्हा एक कंपनी गेली एवढेच झाले नाही. पडदे रंगवणारे, सुतार, शिंपी, दिवेवाले यांच्या हातचे काम गेले. गावाने ते जाणले, म्हणूनच छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात झाला, तोही भालजींनी पुन्हा उभा केला. २०२२ साली त्याच जयप्रभाची जागा विकली गेल्याचे कळताच कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले, साखळी उपोषणाला बसले. ते योग्यच झाले. पण आमचा प्रश्न असा आहे: स्टुडिओच्या भिंतींसाठी जे गाव उपाशी बसते, ते स्टुडिओत राबणाऱ्या माणसांसाठी हळहळायलाही का तयार नसावे?

प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त आपण दर तीन वर्षांनी मिस्सात ऐकतो. धनी दिवस मावळण्याच्या सुमारास पुन्हा बाजारात जातो. तेथे अजूनही काही माणसे उभी असतात. ती आळशी नाहीत. त्यांना कुणी कामावर लावलेले नाही, एवढाच त्यांचा दोष. धनी त्यांना बोल लावत नाही, त्यांच्या पूर्वीच्या पगाराची चौकशी करत नाही. तो त्यांना मळ्यात पाठवतो आणि दिवसाची भाकरी सुटेल एवढे वेतन देतो. आपण मात्र बाजारात उभ्या असलेल्या माणसाला विचारतो, 'अशा फालतू धंद्यात गेलासच कशाला?' दृष्टान्तातील कुरकुर करणारे मजूर कोण, हे यावरून ओळखावे.

तेव्हा करावयाचे काय? उसासे टाकून भागणार नाही. ज्याच्यावर राजीनाम्यासाठी दबाव येतो, त्याने सही करण्यापूर्वी नेमणूकपत्र घेऊन जाणत्या वकिलाकडे जावे. आमच्या धर्मग्रामांत वकील आहेत, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी द्यावी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने मदत म्हणजे केवळ धान्य असे न समजता, घरभाड्याचे आणि कर्जाच्या हप्त्याचे दोन-तीन महिने निभावून नेण्याचा विचार करावा. शिकवणीची फी भरण्यापूर्वी पालकांनी विचारावे, की मागील तीन वर्षांत येथून बाहेर पडलेली किती मुले आज कामावर आहेत. जाहिरातीतील हसऱ्या चेहऱ्यांवर विसंबू नये. आणि तरुणांनी संघटनेला अस्पृश्य मानू नये. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्याच झेनिमॅक्स या शाखेत खेळ तपासणाऱ्या सुमारे तीनशे जणांनी जानेवारी २०२३ मध्ये संघटना मान्य करून घेतली आणि २०२५ साली कंपनीशी करार केला. पुण्यात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची नायटेस ही संघटना आहे. तिचे दार ठोठावणे हे सव्वाशे वर्षांपूर्वीच परमगुरूंनी मान्य केलेल्या हक्काचे पाऊल आहे. त्यात बंडखोरी नाही.

१ मे हा दिवस १९५५ साली पोप बारावे पायस यांनी कष्टकरी संत जोसेफ यांचा सण म्हणून नेमला. त्या दिवशी आपण वेदीपुढे करवत, खुरपे, थापी मांडतो. यंदा त्यांच्या शेजारी एखादा संगणकही असू द्यावा आणि माडीवर बसून राहिलेल्या त्या मुलाला वाचनासाठी बोलावावे. त्याच्या हातांनी जे घडवले ते आपल्याला आवडो वा न आवडो. नासरेथच्या सुताराने ज्या घामाचे मोल शिकवले, तोच घाम त्याचाही आहे.